गाळलेली जागा

खांबांपासून ओट्यापर्यंत

सकाळी दुर्गाबाई पाण्याला निघाली तेव्हा पार्बताबाईच्या दारावर दावं टांगलेलं होतं.

दावं म्हणजे गुरं बांधायची दोरी. गोठ्यात असली तर तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण शेवंतीबाग या वस्तीत गोठा नव्हता. आणि ज्याच्या हातून गाय मरते त्यानं गळ्यात दावं घालून, तोंडातून शब्द न काढता, नुसतं हंबरत दारोदार भीक मागायची असते, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. दारावर दावं टांगणं म्हणजे एवढंच सांगणं: हे तुझं, घाल गळ्यात.

दुर्गाबाईनं रिकाम्या घागरी तशाच माघारी नेल्या. दुपारपर्यंत पार्बताबाईच्या अंगणातल्या विहिरीवर कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी प्रोफेसर केशवरावांचा निरोप आला, की पार्बताबाईचं घर घ्यायचा विचार त्यांनी सोडला आहे.

पार्बताबाईंनी दाव्याला हात लावला नाही. "ज्यानं टांगलं थो काढन," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. दावं दाराबरोबर हललं.

स्टेशनापासून खांबांपर्यंत

मनकर्णाबाई अकोल्याहून आल्या, बडनेऱ्याला गाडी बदलून. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत त्या हेडमास्तरीण होत्या. वऱ्हाडच्या मुलींना पुस्तकातलं मराठी लिहायला लावण्यात नोकरी सरली होती आणि राहणं शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत झालं होतं. आता पेन्शन होती आणि त्या खोल्या नव्या बाईंना द्यायच्या होत्या. त्यांना स्वतःचं घर हवं होतं. गुडघे असे, की टांग्यात चढणं नको वाटे. सपाटीवर मात्र त्या चालत. जिथं सगळं चालून होईल असं घर त्यांनी वऱ्हाडभर शोधलं होतं.

"बाईजी, इथे टांगा लागतच नाही," दलाल ओमप्रकाश म्हणाला. तो त्यांच्या चालीनं चालत होता, म्हणजे थांबत थांबत. "पोस्ट ते. दवाखाना तो. किराणा माझ्या साल्याचा. भाजी तर दारात येते."

शेवंतीबाग ही पूर्वी अमरावतीच्या परकोटाबाहेरची माळ्यांची फुलबाग होती. शालिकराम माळ्यानं बागेचे प्लॉट पाडले तेव्हा मोजणीदारानं सरळ रेघा आखून दिल्या होत्या. त्यानं त्या मानल्या नाहीत. बागेत पाणी ज्या पाटांनी वळत गेलं त्यांच्याच कडेनं त्यानं गल्ल्या ठेवल्या. म्हणून इथली प्रत्येक गल्ली उगीच वळते, आणि वळली की पुढं कुणाची तरी जाई कुणाच्या तरी भिंतीवर पडलेली दिसते. दोन बाया टोपल्या घेऊन समोरासमोर आल्या तर एकीनं जरा कलावं, एवढी रुंदी. तोंडाशी त्यानं दोन दगडी खांब पुरले. बैलगाडी आत येऊ शकत नाही. माणसानं पायी यावं.

खांबांना लागूनच शालिकरामचं घर, त्याच्या अंगणात बागेची जुनी विहीर. तो वारला होता. घर आता त्याच्या बायकोचं होतं, पार्बताबाईचं.

"हे?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "याची किंमत तर तुम्ही अर्ध्याहून कमी सांगितलीत."

ओमप्रकाश जमिनीकडे पाहू लागला. "लपवत नाही, बाईजी. विहिरीत गाय मेलेली आहे. जुनी गोष्ट. पण बुढीनं स्वतः याच ओट्यावर, प्रोफेसरसाहेबांसमोर कबूल केलं. माझ्या या कानांनी ऐकलं."

"मला मेलेल्या गाईपेक्षा पायऱ्यांची भीती वाटते," मनकर्णाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर दारावर गेली. "हे कुणी टांगलं?"

"ते कोणी नाही पाहिलं."

"मग घर नंतर पाहू."

दारापासून विहिरीपर्यंत

पार्बताबाई उंच होत्या, वाकलेल्या नव्हत्या, आणि पाहुण्याला बसा म्हणायची त्यांची रीत दाव्यानंतरही सुटली नव्हती.

"घर पाहा, मास्तरीनबाई. सकायी ऊन इकून येते. मांगं शेवंती हाय. डोयानं पाहून घ्या सारं." विहिरीकडे त्यांनी हात केला नाही.

"तुम्ही विकता का?"

"लेक मोर्शीले हाय, शकुन. संत्र्याचा बगीचा हाय तिचा. ये म्हनते. मालक गेले, आता इथं कोनाशी बोलू?" त्या जरा थांबल्या. "पन असं दावं मांगं ठिवून कशी जाऊ? तिच्या सासरी मांगून बोलतीन, गाय मारून आली म्हनून. हे उतरल्याबिगर मी हालत नाई."

"तुमच्याकडे गाय होती?"

"कपिली. हाय ना अजून. मालकानं शकुनच्या लग्नात देल्ली. पायी पायी गेली थे मोर्शीले. तिचे वासरं शकुनच्या दारात हायेत."

"हे लोकांना सांगितलंत?"

"सांगतलं. थे म्हनतात, तूच त म्हनली व्हती."

"काय म्हणाला होतात तुम्ही?"

पार्बताबाईंनी पदर तोंडाशी नेला. "आता मी इहिरीचं नाव काढत नाई बाई. जे बोलतो थे उलटं होऊन येते."



मनकर्णाबाई बाहेर आल्या आणि दाव्याखाली उभ्या राहिल्या. जाड सुताचं होतं, वापरलेलं. एका टोकाला हिंगुळाचा लाल डाग होता. पिळात काहीतरी चमकत होतं. त्यांनी नखानं ते काढलं: बेगडीचा तुकडा, चिंचोक्याएवढा. तो त्यांनी रुमालाच्या गाठीत बांधला.

भिंतीपलीकडे

दुर्गाबाई शेजारीण. पार्बताबाईशी तिचं जाईवरून भांडण होतं. वेल पार्बताबाईचा, फुलं दुर्गाबाईच्या बाजूला.

"इकडे पडते थे माही," ती म्हणाली. "देवाले वाहतो, काई डोक्यात मायत नाई. पन मी दावं नाई टांगलं बापा. तिच्या इहिरीवरच त पानी भरत व्हतो. आता पार त्या टोकाच्या इहिरीवर जा लागते. माह्याच पायावर मी धोंडा पाडून घेईन का?"

"पार्बताबाई गाईचं बोलल्या त्या दिवशी ओट्यावर कोण होतं?"

"प्रोफेसर. दलाल. आन खुशालराव बसले व्हते, थे रोजच बसतात. मी भितीच्या इकून आयकून राहिली व्हती. आता कान हाय त आयकूच येते."

"काय ऐकलंत?"

"प्रोफेसरनं पुसलं, इहिरीत गाय हाय का. म्हातारी म्हने, हाय ना."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मले? काई नाई. मंग मी दोन घागरी पानी आनलं."

"विहिरीत गाय आहे असं ऐकून तुम्ही त्याच विहिरीचं पाणी आणलंत?"

 दुर्गाबाईला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही. "सकायी दावं पाह्यलं तवा आंगावर काटा आला," ती हळू म्हणाली. "आदल्या दिशी काहून नाई आला, थे मलेच समजून नाई राह्यलं."

खांबांबाहेर

खुशालराव खांबांबाहेर गाडीच्या सावलीत बसले होते. वलगावकडं त्यांची काळी जमीन होती आणि वस्तीत एक घर. त्यांचे बैल खांबाबाहेरच बांधलेले असत, शिंगांवर पोळ्याचा रंग अजून शिल्लक.

"या मास्तरीनबाई. घेता म्हनता घर? घ्या, घ्या. पन एक करा. हे दोन धोंडे काढू द्या. माही गाडी दारापर्यंत जाऊ द्या. शालिकराम आयकला नाई, त्याची बायको आयकत नाई. म्हने मालकानं लावले. अरे, मालक का खांबाले टेकून बसला हाय?"

"तुम्हीच घर का घेत नाही?"

"घेनारच व्हतो. मधात हा प्रोफेसर आला आन म्हाताऱ्या बाईनं त्याले शब्द देल्ला." ते हसले. "आता थो गेला. तुमी नाई घेतलं त माह्याच गयात पडन म्हना."

"ओट्यावर गाईची गोष्ट निघाली तेव्हा तुम्ही काय बोललात?"

"मी? एक अक्षर नाई. प्रोफेसरनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हनलं, म्हातारी खोटं कायले बोलन? बस. यात काही खोटं हाय का?"

"नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "यात काहीच खोटं नाही."

खांबांपासून कॉलेजापर्यंत

केशवराव पुण्याचे. सरकारी कॉलेजात इतिहास शिकवत. ते माणूस वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, आणि घर सोडावं लागलं याचं त्यांना खरोखर दुःख होतं.

"बाई, मी संध्याकाळी त्या गल्ल्यांतून नुसता हिंडायला जायचो. असं गाव मी पाहिलं नाही. पण हे... मी गैरसमज नको म्हणून दोनदा विचारलं. दलाल म्हणाला होता, विहीर जुनी आहे, चौकशी करा. मी विचारलं, 'पाणी कसं आहे?' तर त्या म्हणतात, 'पानी गोड हाय, पन खाली गाय बसला हाय.'"

"असंच म्हणाल्या?"

"शब्दशः. आता बघा, गाय बसला! यांना लिंगाचाही पत्ता नाही." ते किंचित हसले आणि लगेच गंभीर झाले. "मी म्हटलं, 'काय? विहिरीत गाय आहे?' 'हाय ना. मालक गेल्यापासून कोनी काढलाच नाई.' अगदी थंडपणे. वर म्हणतात, 'तुमी आले का काढून घ्या आन शेवंतीच्या मुयाशी टाका. असा टाकला का फुलं हातभर येते.' माझी पत्नी सोबत नव्हती ते नशीब."

"आणि मग?"

"मग मी खुशालरावांकडे पाहिलं. ते इथलेच. ते म्हणाले, म्हातारी खोटं कशाला बोलेल. तरी मी उद्या सांगतो म्हणून उठलो. रात्रभर विचार केला. सकाळी ते दावं दिसलं. आता शंका राहिली नाही."

मनकर्णाबाईंनी चहा अर्धा ठेवला. "शेवटचं वाक्य परत सांगा. मुळाशी टाकण्याचं."

त्यांनी सांगितलं. मनकर्णाबाईंनी डोळे मिटून ऐकलं, मुलींकडून पाठांतर ऐकताना ऐकत तसं.

गाळलेल्या जागा भरा

धर्मशाळेच्या खोलीत त्यांनी कागद घेतला आणि सवयीनं समास सोडला.

१. विहिरीच्या खाली ______ बसला आहे.

२. मालक गेल्यापासून कोणी ______ काढलाच नाही.

३. शेवंतीच्या मुळाशी ______ टाकला की फुलं हातभर येतात.

४. असं ऐकूनही दुर्गाबाई घाबरल्या नाहीत, कारण त्यांनी ______ ऐकला.

५. ओट्यावर चौघं होते. दोघांना वऱ्हाडी कान नव्हता. एक स्वतः बोलणारी. चौथा ______.

पाचही जागा भरल्यावर त्यांनी कागदाची घडी केली.

धर्मशाळेपासून कुठंच नाही

घर त्यांना हवं होतं. हा कागद पिशवीत राहिला तर ते अर्ध्या किमतीत मिळणार होतं. तो बाहेर निघाला तर प्रोफेसर परत येणार आणि शब्द आधी त्यांचा होता.

त्या बराच वेळ बसून राहिल्या. गुडघे दुखत होते. मग उठल्या.

पुन्हा ओटा

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर केशवराव होते, ओमप्रकाश होता, खुशालराव होते, दुर्गाबाई या वेळी भिंतीच्या अलीकडे होती. पार्बताबाई दारात, दाव्याखाली. मनकर्णाबाई विहिरीच्या काठाला टेकून उभ्या होत्या.

"दुर्गाबाई, एक सांगा. उन्हाळ्यात विहीर उपसतात, तेव्हा तळातून काय काढतात? काळं, चिखलासारखं."

"गाय," दुर्गाबाई म्हणाली.

"आणि मोर्शीला शकुनच्या दारात काय बांधलंय?"

"गाय."

 केशवरावांनी चष्मा काढला.

"पहिला काढायचा," मनकर्णाबाई म्हणाल्या, "आणि दुसरी दोहायची. गाळ आणि गाय. माझ्या शाळेत मुली डोळा बोलायच्या डोया आणि लिहायच्याही डोया. शाळेला शाया, फळाला फय. लाल शाईचे माझे कितीक पैसे त्यात गेले. पण प्रोफेसर, एकाही मुलीनं गाय बसला असं कधी लिहिलं नाही. इथल्या माणसाला गाय कुठली आणि गाळ कुठला हे पुढच्या शब्दावरून कळतं. बसला. काढला. टाकला. तुम्ही ते ऐकलंत, तंतोतंत लक्षात ठेवलंत, आणि त्यांची चूक म्हणून हसलात."

 केशवरावांचे ओठ हलत होते: बसला, काढला, टाकला.

"गाळ पन काढू नये का इहिरीतला?" पार्बताबाई कुणालाही उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द अर्थातच तसा आला नाही. पण आता सगळ्यांना तो नीट ऐकू आला.

"दुर्गाबाईंनी भिंतीआडून गाळ ऐकला, म्हणून पाणी भरून नेलं. दावं दिसल्यावर कालचा गाळ आज गाय झाला. सगळ्या वस्तीचं तसंच झालं. म्हणजे दावं टांगणाऱ्याला दोन गोष्टी माहीत होत्या. बाई गाळ म्हणाल्या, आणि प्रोफेसरांनी गाय ऐकली. ओमप्रकाशला पहिली माहीत नव्हती. वऱ्हाडी त्याची बोली नाही, त्यानंही गायच ऐकली, शिवाय त्याची दलाली बुडाली. प्रोफेसरांना तर नव्हतीच. दुर्गाबाई भिंतीआड होत्या, त्यांना प्रोफेसरांचा चेहरा दिसला नाही. तो समोर बसून एकानंच पाहिला."

खुशालराव उठले नाहीत. "मास्तरीनबाई, मी एक अक्षर खोटं बोललो नाई. इचारा साऱ्याइले."

"एकाच अक्षराचा प्रश्न होता, खुशालराव. तेवढं तुम्ही सांगितलं नाहीत." त्यांनी रुमालाची गाठ सोडली. "हे दाव्याच्या पिळात होतं. बेगड. पोळ्याला गाईला कोण सजवतं? हे बैलाचं दावं आहे. शेवंतीबागेत बैल आत येत नाहीत. ते खांबांबाहेर बांधलेले असतात."

खुशालराव बेगडीकडे पाहत राहिले. मग पार्बताबाई बाजूला झाल्या आणि त्यांनी दार मोकळं केलं.

"काढा," त्या म्हणाल्या.

ते उठले, हात वर करून त्यांनी दावं काढलं. गल्लीत आता बरीच माणसं जमली होती. गाडी तर आत नव्हती, त्यामुळे दावं हातात घेऊन त्यांना सगळ्यांसमोरून चालतच खांबांपर्यंत जावं लागलं. ते हंबरले नाहीत. पण बोललेही नाहीत.

ओट्यापासून पुढं

मनकर्णाबाईंनी पिशवी उचलली. "घर तुमचं आहे, प्रोफेसर. शब्द आधी तुम्हाला दिलाय."

केशवरावांनी विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, त्यात त्यांचंच डोकं दिसत होतं. 

"कळलं सगळं," ते शेवटी म्हणाले. "पार्बताबाई, मी तुमची माफी मागतो. पण घर मी घेऊ शकणार नाही. मी घरी पत्नीला गाय म्हणून सांगून बसलोय. आता गाळ म्हणून सांगेन, ती ऐकेल, हो म्हणेल. आणि पहिला घोट घेताना थांबेल. मीसुद्धा थांबेन. कानात शिरलेलं निघत नाही हो."

ओमप्रकाशच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंचा हिशोब एकदम उमटला. "बाईजी, मग तर तुमचंच. अर्ध्या किमतीत—"

"ती किंमत गाईची होती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "गाळाची किंमत प्रोफेसरांशी ठरलेली आहे. तीच."

त्यासाठी त्यांना अकोल्याला जाऊन पाटल्या मोडाव्या लागल्या.

विहीर

पार्बताबाई मोर्शीला गेल्या, पण वैशाखात विहीर उपसायच्या दिवशी मुद्दाम आल्या. मालकाची विहीर आहे, म्हणाल्या, मी असल्याबिगर खाली कोनी उतरू नका. मनकर्णाबाई पोस्टात जाऊन, भाजी घेऊन, पायी परत आल्या तेव्हा काम अर्ध्यावर आलं होतं. खांब होते तिथंच होते. काळ्या चिखलाच्या टोपल्या दोरानं वर येत होत्या आणि दुर्गाबाई त्यातल्या दोन जाईच्या मुळाशी, आपल्या बाजूला, टाकून घेत होती.

पार्बताबाई काठावरून खाली वाकल्या.

"निंगला का सारा गाय?" त्यांनी ओरडून विचारलं.

"निंगला," खालून आवाज आला.

मनकर्णाबाई ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, आणि दुरुस्त काही केलं नाही.